तडा, मुदत आणि सही

(कामगारांच्या एका अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संकलित मजकूर)

कुंभाराकडून मडके घेताना आपल्या घरातील वडीलधारी बाई ते बोटाच्या पेराने वाजवून घेत असे. आवाज खणखणीत आला तर मडके पक्के. बद्द आला तर कुठेतरी चीर आहे, मग ती डोळ्यांना दिसो वा न दिसो. रेल्वेच्या फलाटावर लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्यांच्या चाकांवर ठोके देत जाणारा कामगारही आपल्यापैकी जुन्या मंडळींनी पाहिला असेल. तोही तेच करीत असे. वस्तू मोडण्यापूर्वी तिच्यातील तडा ओळखणे ही श्रमिकांची फार जुनी विद्या आहे. माझे कामकाजाचे आयुष्य याच विद्येत गेले. मुंबईतील एका विमान-दुरुस्ती शॉपमध्ये मी विमानांच्या पायांतील, म्हणजे आम्ही ज्याला अंडरकॅरेज किंवा लँडिंग गिअर म्हणतो त्यातील, तडे शोधण्याचे काम केले. त्या कामाविषयी आज बोलावे, असे संयोजकांनी सुचविले. विषय तांत्रिक आहे. परंतु त्याच्या पोटात एक प्रश्न दडलेला आहे आणि तो आपणा सर्वांचा आहे.

प्रथम हे पाय काय सोसतात ते पाहू. मध्यम आकाराचे प्रवासी विमान उतरते तेव्हा त्याचे वजन 60-65 टन असते आणि धावपट्टीला टेकताना त्याचा वेग ताशी 200 किलोमीटरहून अधिक असतो. खाली येण्याचा वेग सेकंदाला 10 फूट असला तरी तो आघात पायांनी झेलला पाहिजे, या हिशेबाने ते घडविलेले असतात. पुढे ब्रेकचा ताण, वळताना आडवा ताण, पुन्हा उड्डाण आणि पुन्हा आघात. पंख, धड वा इंजिन यांतील अनेक ठिकाणी एक भाग निकामी झाला तर दुसरा त्याचा भार घेईल अशी योजना करता येते. पायाच्या बाबतीत ती सोय फारशी नसते. मुख्य सिलिंडर मोडला की तो पाय गेला.

म्हणून हे भाग अतिशय बलवान पोलादाचे करतात. साध्या बांधकामाच्या पोलादाच्या चार-पाच पट ताण सोसणारे हे पोलाद असते. परंतु निसर्ग काहीही फुकट देत नाही. पोलाद जितके बलवान, तितका त्याला तडा कमी सोसवतो. साध्या पोलादाच्या पट्टीत बोटभर चीर पडली तरी ती वाकेल, कुरकुरेल, इशारा देईल. अंडरकॅरेजच्या पोलादात काही मिलिमीटरांची भेग पुरेशी होऊ शकते आणि मग इशारा न देता एकदम तुकडा पडतो. बलवंताचा हा दुबळेपणा ध्यानात ठेवावा.

हा तडा येतो कुठून? त्याचे तीन-चार उगम आहेत. पहिला उगम थकव्याचा. तार वारंवार वाकवली की तुटते, हे लहान मुलालाही ठाऊक असते. धातूही असाच थकतो. 1842 साली फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडून मोठा संहार झाला, तेव्हापासून अभियंते या थकव्याचा अभ्यास करीत आले आहेत. दुसरा उगम गंजाचा. मुलामा जिथे उडाला तिथे टाचणीच्या टोकाएवढा खड्डा पडतो आणि त्या खड्ड्याच्या तळाशी भेग जन्म घेते. तिसरा हायड्रोजनचा. कॅडमियमचा मुलामा चढविताना हायड्रोजन पोलादात शिरतो व त्याला ठिसूळ करतो. तो बाहेर काढण्यासाठी भाग सुमारे 190 अंश सेल्सियसला जवळजवळ एक अख्खा दिवस भट्टीत ठेवावा लागतो. चौथा उगम ग्राइंडिंगचा. क्रोमचा मुलामा घासताना घाई झाली तर खालचे पोलाद भाजते आणि तिथे बारीक भेगा पडतात. मित्रहो, यांतील शेवटचे दोन उगम दुरुस्तीच्या शॉपमध्येच निर्माण होतात. भट्टीतून भाग सहा तास आधी बाहेर काढला, तर बाहेरून कोणालाही काही कळणार नाही. कळेल ते पोलादाला.

आता तपासणीची रीत. ठरलेली मुदत भरली, उदाहरणार्थ दहा वर्षे अथवा ठराविक उड्डाणे, की पाय विमानावरून उतरवितात आणि पूर्ण उकलतात. रंग काढायचा, मुलामा काढायचा, ग्रीस धुऊन टाकायचे. नागडे पोलाद समोर आले म्हणजे खरे काम सुरू होते. भागातून वीजप्रवाह सोडून त्याला चुंबक बनवितात आणि त्यावर चमकणाऱ्या रंगाने मढविलेली लोखंडाची अतिसूक्ष्म पूड तेलातून ओततात. जिथे तडा असेल तिथे चुंबकाचे बळ बाहेर फुटते आणि पूड तिथे गोळा होते. मग अंधारी खोली आणि अतिनील प्रकाशाचा दिवा. तडा असल्यास हिरवट-पिवळी रेघ उजळते. परंतु चुंबकबळाच्या दिशेलाच समांतर असलेली भेग दिसत नाही. म्हणून तोच भाग दुसऱ्या दिशेने पुन्हा चुंबकित करून पुन्हा पाहावा लागतो. ॲल्युमिनियमला चुंबकत्व लागू पडत नाही. त्यासाठी भेगेत शिरणारा रंग किंवा एडी करंटचे यंत्र वापरतात. भोकांच्या आतल्या कडा, कोपऱ्यांची गोलाई, आटे या जागा तड्यांच्या आवडीच्या. तिथे भिंग आणि आरसा घेऊन बसावे लागते.

अंधाऱ्या खोलीत शिरल्याबरोबर काम सुरू करायचे नाही. डोळ्यांना अंधाराची सवय होईपर्यंत थांबायचे, असा नियम आहे. प्रकाशानुसार रंग बदलणारा चष्मा चालत नाही. हे बारकावे मी मुद्दाम सांगतो. यंत्रे आली, संगणक आले, तरी अखेरचा निर्णय एका माणसाच्या डोळ्यांचा असतो, आणि ते डोळे थकतात. शंभर भाग निर्दोष निघाले की एकशे पहिला भागही निर्दोष असणार, असे मन सांगू लागते.

याची किंमत जगाने मोजली आहे. 19 जुलै 1989 रोजी अमेरिकेत डेन्व्हरहून शिकागोला निघालेल्या डीसी-10 विमानाच्या शेपटीतील इंजिनाची एक चकती फुटली. विमान सू सिटी येथे कोसळले. 296 पैकी 112 जण दगावले. ती चकती 760 उड्डाणे आधी तपासली गेली होती. चौकशीच्या अनुमानानुसार त्या वेळी तिच्यावर सुमारे अर्ध्या इंचाचा तडा होता आणि तो सुटला. चौकशी मंडळाने केवळ त्या तपासनिसाला दोष देऊन फाइल बंद केली नाही. माणसाच्या मर्यादांचा विचार तपासणीच्या व्यवस्थेत पुरेसा केला गेला नाही, असे त्याने स्पष्ट म्हटले. त्याआधीच्या वर्षी, 28 एप्रिल 1988 रोजी, हवाई बेटांवर अलोहा कंपनीच्या एका विमानाचे छत उड्डाणातच उडाले व एक हवाई सेविका प्राणास मुकली. त्या विमानाने 89,680 उड्डाणे केली होती. असल्या विमानांची तपासणी रात्रपाळीत, उंच पराच्यांवर चढून, हजारो रिव्हेट एकेक न्याहाळत करावी लागे. विमानात चढताना एका प्रवासी स्त्रीला दाराजवळ भेग दिसली होती; पण ती कोणालाच काही बोलली नाही. आपण कोण सांगणारे, असे तिला वाटले असावे. हा संकोच आपल्या परिचयाचा आहे.

आता थोडे स्वतःविषयी. एका रात्रपाळीत पहाटेच्या सुमारास एका भागाच्या कोपऱ्यावर मला पुसट रेघ दिसली. अशा वेळी भाग स्वच्छ करून प्रक्रिया पुन्हा करायची असते. रेघ परत आली तर तडा, नाही आली तर मळ. मी ती पुसली, मळच असावा असे ठरविले आणि सही केली. विमान सकाळी हवे होते आणि मला घर हवे होते. घरी गेल्यावर झोप लागली नाही. दुपारी परत जाऊन मी वरिष्ठांना सांगितले की तो भाग पुन्हा तपासावा, मी नियम पाळलेला नाही. भाग पुन्हा तपासला गेला. तो निर्दोष होता. परंतु मला जे बोलणे ऐकावे लागले ते घाईने केलेल्या सहीबद्दल नव्हते. ते परत येऊन सांगितल्याबद्दल होते. काही महिने मला त्या टेबलावरून हलवून भांडारात बसविले. माझ्या जागी आलेल्या तरुण सहकाऱ्याने त्यातून कोणता धडा घेतला असेल, हे मी सांगायला नको.

यापुढचा मुद्दा मुदतीचा. तपासनीस कितीही प्रामाणिक असला तरी भाग त्याच्या टेबलावर येईल तेव्हाच तो पाहू शकतो. तो केव्हा येणार, हे टेबलापासून दूर, कार्यालयात ठरते. 28 ऑक्टोबर 2016 रोजी फ्लोरिडातील फोर्ट लॉडरडेल येथे फेडेक्स कंपनीचे एमडी-10 मालवाहू विमान उतरले, आणि धावपट्टीवरच त्याचा डावा मुख्य पाय मोडला. पंख जमिनीला घासला, आग लागली. दोघे वैमानिक वाचले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने मोडलेला सिलिंडर तपासला. वायू भरण्याच्या झडपेसाठी पाडलेल्या भोकात, जिथे कॅडमियमचा मुलामा असायला हवा होता आणि नव्हता, तिथे गंजाचा एक खड्डा होता. त्या खड्ड्यातून थकव्याचा तडा निघाला होता. मुलामा का नव्हता, याचा उलगडा झाला नाही. पण मंडळाने आणखी एक गोष्ट नोंदविली. असे पाय 8 वर्षांनी उकलावेत अशी उत्पादकाची शिफारस होती. कंपनीने स्वतःसाठी मुदत 9 वर्षांची ठेवली होती. एवढी वाढ सुरक्षित आहे हे दाखविणारी पुरेशी माहिती आणि विश्लेषण त्यामागे नव्हते. पाय मोडला तेव्हा आठ वर्षे उलटली होती आणि नववे पुरे व्हायचे होते.

तडा त्या वाढविलेल्या मुदतीत वाढत राहिला असावा. तो तपासण्याची संधीच कोणत्याही कामगाराला मिळाली नाही.

येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट सांगितली पाहिजे. मुदत वाढविणे हे प्रत्येक वेळी पापच असते असे नाही. पाय वारंवार उकलल्यानेही इजा होते. मुलामा पुन्हा चढविणे, पुन्हा घासणे यांतून नवे तडे जन्मतात, हे मी आताच सांगितले. पुरेशा नोंदी आणि चाचण्या हाताशी असतील तर मुदत वाढविता येते आणि कधी कमीही करावी लागते. माझा आक्षेप पुराव्याविना वाढविण्याला आहे. विमान जमिनीवर उभे राहिले की रोजचा तोटा आकड्यांत दिसतो. न मोडलेल्या पायाचा नफा मात्र कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. म्हणून हा निर्णय केवळ ताळेबंद लिहिणाऱ्यांच्या हाती राहू नये. ही गोष्ट खासगी कंपनीला जशी लागू आहे तशीच सरकारी कंपनीलाही आहे. मालकी बदलल्याने पोलादाचा स्वभाव बदलत नाही, आणि वेळापत्रकाचा दबाव दोन्हीकडे सारखाच असतो. सार्वजनिक क्षेत्राचा मी कैवारी आहे, म्हणूनच हे येथे स्पष्ट बोलतो.

मग आपण काय मागावे? पहिले, तपासणीच्या मुदतीत बदल होताना त्यामागील नोंदी नियामक यंत्रणेपुढे आणि तपासणी करणाऱ्या कामगारांपुढे उघड ठेवल्या जाव्यात. दुसरे, तपासनीस उत्पादन-विभागाच्या हुकमाखाली नसावा; विमान सोडण्याची घाई ज्याला आहे त्याने तपासनिसाचा गोपनीय अहवाल लिहू नये. तिसरे, अंधाऱ्या खोलीतील कामाला विश्रांतीचे ठरीव अंतर असावे आणि ते कामाचाच भाग मानले जावे. चौथे, स्वतःची चूक आपण होऊन सांगणाऱ्याला संरक्षण मिळावे. अमेरिकेत 1976 पासून नासा ही संस्था विमान-व्यवसायातील लोकांकडून नाव गुप्त राखून अशी निवेदने स्वीकारते. ती शिक्षा करणारी संस्था नाही, म्हणून लोक तिला विश्वासाने लिहितात. मुद्दाम केलेला गुन्हा त्यात झाकला जात नाही. झाकली जाते ती केवळ सांगणाऱ्याची भीती.

परंतु मागण्यांबरोबर कर्तव्यही येते. वेतनवाढीसाठी आपण जितक्या निर्धाराने उभे राहतो, तितक्याच निर्धाराने एका भागावर 'नामंजूर' असे लिहिणाऱ्या सहकाऱ्यामागे आपली संघटना उभी राहिली आहे काय? माझ्या अनुभवात ती दर वेळी राहिली नाही. त्या भांडारातील महिन्यांत मला भेटायला आलेल्या प्रतिनिधीने विचारले, "पण तुम्ही सांगायला गेलातच कशाला?" त्याचा हेतू वाईट नव्हता. पण ज्या संघटनेला हा प्रश्न पडतो, तिला कामगाराचे हित आणि त्याच्या कामाची प्रतिष्ठा या दोन वेगळ्या गोष्टी वाटू लागलेल्या असतात.

विमानाच्या पायावर ज्याची सही आहे, त्याला त्या विमानातील एकही प्रवासी ओळखत नाही. कारखान्यातील बॉयलर तपासणारा, पुलाचे गर्डर तपासणारा, एस. टी.चा ब्रेक तपासणारा, हे सारे असेच अनोळखी. त्यांच्या 'नाही' या एका शब्दावर आपण सारे रोज विसंबून असतो. तो शब्द उच्चारण्याइतका वेळ आणि धीर त्यांना मिळतो की नाही, याची चौकशी आपापल्या शॉपमध्ये उद्यापासून सुरू करा, एवढीच माझी आपणांस विनंती आहे.