ब्लँकेटानंतरचं काम



निर्वासितांसाठी काम करणारी संस्था म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे खिचडीची पातेली, ब्लँकेटांचे गठ्ठे आणि औषधांची खोकी येतात. पहिले काही आठवडे हे सगळं लागतंच, त्याला कमी लेखायचं कारण नाही. पण पोट भरल्यावर त्या माणसापुढे दुसरा प्रश्न उभा राहतो. मी इथे कोण? पोलिसानं हटकलं तर काय दाखवू? मजुरी बुडाली तर दाद कुणाकडे मागू? माझं म्हणणं असं, की अशा संस्थेची कसोटी या दुसऱ्या प्रश्नावर लागते. तिचं मोठं काम भाकरीचं कमी आणि कागदाचं जास्त आहे. देणगीदारांना हे पटवणं कठीण जातं. ब्लँकेटावर दात्याचं नाव छापता येतं, अपिलाच्या अर्जावर येत नाही.

याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. कोल्हापूरजवळ वळिवडे इथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. पूर्व पोलंडमधून स्टालिनच्या राजवटीनं त्यांना सैबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकलं होतं. १९४१ मध्ये हिटलरनं रशियावर हल्ला केला, तेव्हा त्यांची सुटका झाली आणि इराणमार्गे ते हिंदुस्थानात पोचले. पुरुष बहुतेक सैन्यात गेलेले, त्यामुळे छावणीत भरणा बायकामुलांचा. मुंबईतल्या पोलिश वाणिज्यदूतांच्या पत्नी किरा बानासिन्स्का या पोलिश रेड क्रॉसच्या इथल्या प्रतिनिधी होत्या आणि छावण्यांच्या उभारणीत त्यांचा मोठा हात होता. वळिवड्याच्या बराकींत शाळा निघाल्या, दवाखाना, चर्च, दुकानं निघाली. मुलं पोलिश अभ्यासक्रम शिकली, परीक्षा देऊन दाखले घेऊन बाहेर पडली. खर्च लंडनमधलं पोलंडचं परागंदा सरकार करत होतं. निर्वासितांना केवळ लाभार्थी न मानता स्वतःचा कारभार पाहू दिला, हे या छावणीचं वैशिष्ट्य.

यावर कोणी म्हणेल, ते गोरे होते, साम्राज्याच्या दोस्तराष्ट्राचे होते, म्हणून त्यांचं एवढं झालं. हा आक्षेप खरा आहे. १९४२ मध्ये ब्रह्मदेशातून जंगलं तुडवत लाखो हिंदी माणसं आसामकडे आली, त्यांच्या वाट्याला ही व्यवस्था आली नाही. वळिवड्यात छावणी उभी राहत होती त्याच वर्षी, १९४३ मध्ये, बंगालात लोक उपासमारीनं मरत होते. म्हणून वळिवड्याकडे मी औदार्याचा नमुना म्हणून पाहत नाही, पद्धतीचा नमुना म्हणून पाहतो. आणि त्या पद्धतीचीही मर्यादा लवकरच उघडी पडली. जुलै १९४५ मध्ये ब्रिटननं लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली आणि वॉर्साच्या नव्या सरकाराला दिली. शिधा चालू राहिला, शाळाही चालू राहिल्या. पण ज्या सरकाराच्या नावानं ही माणसं स्वतःला नागरिक म्हणवत होती, ते सरकारच कागदावरून पुसलं गेलं. त्यांची गावं आता सोव्हिएत हद्दीत होती. परत जायचं तर कुठे? अखेर पुष्कळ जण ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशा देशांत पांगले.

रिकाम्या झालेल्या त्याच बराकींत मग फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबं आली. ती वसाहत म्हणजे आजचं गांधीनगर. कापडाच्या ठोक व्यापारासाठी दूरदूरचे दुकानदार तिथे माल भरायला जातात. सिंधी माणूस मूळचा उद्योगी, असं आपण सहज म्हणतो. ते खरं धरलं, तरी अर्धंच खरं. संविधानाच्या सहाव्या अनुच्छेदानं पाकिस्तानातून आलेल्यांच्या नागरिकत्वाची तरतूद केली होती आणि १९५४ च्या कायद्यानं मागे राहिलेल्या मालमत्तेच्या भरपाईची. दुकानाचा परवाना, कर्ज, मतदान, सगळ्याचं मूळ तिथे. बराकी त्याच होत्या. आधीच्या रहिवाशांना तिथून जावं लागलं, नंतरच्यांनी तिथे बाजारपेठ उभी केली.

विदर्भात हाच मुद्दा आणखी जवळून दिसतो. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावला १९७२ पासून तिबेटी वसाहत आहे. शेती आणि हिवाळ्यात स्वेटरचा धंदा यांवर ती उभी राहिली. पण इथेच जन्मून मोठे झालेलेही बरेचसे नोंदणी प्रमाणपत्रावर, म्हणजे त्यांच्या बोलीत ‘आरसी’वर, जगतात आणि ती वेळोवेळी नवी करून घ्यावी लागते. तिकडे गडचिरोलीत चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत पूर्व पाकिस्तानातून आलेले बंगाली आहेत. त्यांना जमीन मिळाली. परंतु त्यांच्यातल्या नमःशूद्रांना पश्चिम बंगालात अनुसूचित जातीचा दर्जा आहे, महाराष्ट्रात नाही. मुलगा कॉलेजात प्रवेशाला गेला की जातीच्या दाखल्यापाशी अडतो. धान पिकवणाऱ्या या लोकांना अन्नदान नको आहे. त्यांच्यासाठी अर्ज लिहिणारा, पाठपुरावा करणारा माणूस हवा आहे.

आता यवतमाळ जिल्ह्यात कोणीही विचारील असा प्रश्न. आमचाच शेतकरी फास घेतोय आणि तुम्ही परक्यांची चिंता काय करता? हा प्रश्न टाळता येत नाही. पण शेतकऱ्याच्या विधवेचं काय होतं ते नीट पाहू. २००६ च्या शासन निर्णयानं एक लाखाची मदत ठरली, ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. ती मिळण्याआधी प्रकरण ‘पात्र’ ठरावं लागतं. नापिकी होती का, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचंच होतं का, वसुलीचा तगादा होता का. परवाना नसलेल्या सावकाराकडून पैसे घेतले असतील तर घरात प्रेत पडूनही प्रकरण ‘अपात्र’. ‘पात्र-अपात्र’चा हा खेळ आश्रय मागणाऱ्याच्या वाट्यालाही येतो. त्यालाही आपला जीव खरंच धोक्यात होता हे कागदानं सिद्ध करायचं असतं, आणि पळताना कागद कोण बरोबर घेतं? या दोघांसाठी लागणारं कसब एकच आहे. विधवेची फाईल हलवायला शिकलेला कार्यकर्ता निर्वासिताची फाईलही हलवू शकतो. एकाला दिलं म्हणून दुसऱ्याचं कमी होत नाही.

सुरक्षेचा आक्षेप अधिक गंभीर आहे. खोटे दावे होतात, हे नाकारणाऱ्या संस्था आपल्याच कामाचं नुकसान करतात. तपासणी कसून व्हावी. पण तपासणी व्हायला आधी नोंद हवी. आपण १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही केलेला नाही. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्यात मुदत संपलेला पर्यटक आणि जीव घेऊन पळालेला माणूस यांत फरक नव्हता. त्याच्या जागी आलेल्या २०२५ च्या कायद्यानंही निर्वासित असा स्वतंत्र वर्ग केलेला नाही. दिल्लीत संयुक्त राष्ट्रांचं निर्वासित उच्चायुक्तालय काहींना कार्ड देतं, पण ते दाखवून बँकेत खातं उघडेलच असं नाही. ज्याचं खातं नाही, भाडेकरार नाही, तो दलालाच्या हाती जातो. सुरक्षेची काळजी असेल तर हीच परिस्थिती जास्त धोक्याची.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात श्रीलंकेतल्या एका तमिळ माणसाच्या प्रकरणात, भारत म्हणजे धर्मशाळा नाही, अशा अर्थाचे उद्गार निघाले. न्यायालयाचा कायदेशीर मुद्दा बरोबर आहे, कारण देशात स्थायिक होण्याचा हक्क संविधानानं नागरिकांनाच दिला आहे. पण जीविताचा हक्क, एकविसावा अनुच्छेद, ‘व्यक्ती’ला आहे. याच न्यायालयानं १९९६ मध्ये अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांचं रक्षण करा, असं राज्य सरकारला बजावलं होतं. या दोन हक्कांमधल्या मोकळ्या जागेत निर्वासित उभा आहे. ती भरायला न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या पुढाकारानं १९९७ मध्ये कायद्याचा नमुना मसुदा तयार झाला. २०१५ मध्ये शशी थरूर यांनी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं. यांपैकी कशाचाही कायदा झाला नाही. म्हणून आज कोणाला राहू द्यायचं आणि कोणाला धाडायचं हे बरंचसं त्या त्या सरकारच्या आणि अधिकाऱ्याच्या मर्जीवर ठरतं, आणि मदत संस्थांना प्रत्येक माणसासाठी तोच झगडा पहिल्यापासून सुरू करावा लागतो. अशा संस्थेला पैसे देणाऱ्यानं तिला आधी विचारावं, की तुमच्याकडे वकील किती, दुभाषे किती आणि मागल्या वर्षी किती जणांचे कागद पुरे झाले.