एकच गेट

कानात इयरफोन घातलेत ना? आजची गोष्ट आहे अमेरिकेतली, दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली. हिरॉइन आहे बेसी कोलमन.

बेसीचा जन्म १८९२ चा, टेक्सासमधला. लहानपणी कापूस वेचला. पुढे शिकागोला गेली आणि एका सलूनमध्ये गिऱ्हाइकांचं मॅनिक्युअर करायला लागली. भाऊ पहिल्या महायुद्धात फ्रान्सला जाऊन आला होता. तो चिडवायचा, "तिकडच्या बायका विमानं उडवतात, तुला कुठं जमणार?"

तिनं ते मनावरच घेतलं. पण अमेरिकेतली एकही विमानशाळा तिला घेईना. एक तर बाई, त्यात कृष्णवर्णीय. तेव्हा 'शिकागो डिफेंडर' या पेपरचे मालक रॉबर्ट अ‍ॅबट म्हणाले, फ्रान्सला जा. मग पठ्ठी फ्रेंच शिकली, पैसे जमवले आणि १९२० मध्ये बोटीत बसली. १५ जून १९२१ ला हातात पायलटचं आंतरराष्ट्रीय लायसन्स! हे मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय अमेरिकन बाई.

आम्ही कोडिंगवाले याला वर्कअराउंड म्हणू. पण मला खरी बेसी दिसते ती यानंतर.

ती परत आली आणि विमानाच्या कसरतींचे शो करू लागली. टेक्सासमधल्या वॉक्साहाची गावात, जिथं ती लहानाची मोठी झाली, तिथं शो ठरला. आयोजकांचा बेत होता गोऱ्यांना वेगळं गेट आणि काळ्यांना वेगळं. बेसी म्हणाली, गेट एकच हवं, नाहीतर मी उडणार नाही. गेट एकच झालं! आत बसायच्या जागा मात्र वेगळ्याच राहिल्या.

आता तुम्ही म्हणाल, मग काय उपयोग? मलाही आधी तसंच वाटलं. पण बघा, तिच्या हातात होतं काय? फक्त तिचं उडणं. तेवढंच तिनं पणाला लावलं.

तिला स्वतःची विमानशाळा काढायची होती. ते राहून गेलं. ३० एप्रिल १९२६ ला जॅक्सनव्हिलला सराव चालू होता. विमान तिचा मेकॅनिक चालवत होता. खालची जागा नीट बघता यावी म्हणून तिनं पट्टा लावला नव्हता. विमान अचानक उलटलं आणि ती खाली पडली. मेकॅनिकही गेला. नंतर कळलं, यंत्रात एक पाना अडकला होता. एक साधा पाना! ती होती फक्त ३४ वर्षांची.

तीन वर्षांनी, १९२९ मध्ये, लॉस एंजेलिसला विल्यम पॉवेल यांनी तिच्या नावानं एरो क्लब काढला. तिथं कृष्णवर्णीय मुलंमुली उडायला शिकली.

"सगळं बदलणार नसेल तर बोलायचं कशाला" म्हणून आपण मीटिंगमध्ये गप्प बसतो. मी तरी बसतो. पुढच्या वेळी निदान एका गेटपुरतं बोलून बघेन म्हणतो. तुमचं गेट कुठलं? नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!