विलायतेतील देशी भोजनगृह

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेले भाषण)



इंग्लंडातील कोणत्याही बऱ्यापैकी वस्तीच्या गावात, रेल्वे स्थानकाकडून बाजारपेठेकडे जाणाऱ्या रस्त्यावर, ताजमहालाचे, गंगेचे किंवा एखाद्या मोगल बादशहाचे नाव धारण करणारे एक तरी भारतीय भोजनगृह आढळतेच. आणि तेथील मेनूकार्ड हाती घेऊन कोर्मा, मद्रास, विंदालू, धनसाक, जालफ्रेझी, रोगन जोश अशा नावांची ती लांबलचक यादी वाचू लागले, की काश्मीरपासून गोमंतकापर्यंतचा सारा मुलूख या एका खोलीत येऊन उतरला आहे की काय, असा भास घरापासून दूर राहणाऱ्या माणसास क्षणभर होतो. हा भास पहिल्या घासानंतर सहसा टिकत नाही. तो का टिकत नाही, आणि ताटातील उणिवेइतकीच वाढणाऱ्याच्या वागणुकीतील उणीव मनाला का लागते, याविषयी आज मला आपल्याशी बोलावयाचे आहे. विषय पोटाचा असला तरी तो मला क्षुल्लक वाटत नाही, कारण त्या देशातील असंख्य माणसांना हिंदुस्थानची पहिली, आणि पुष्कळांना तर एकमेव ओळख या मेजांवरच होत असते.

शंभराहून अधिक पदार्थांची यादी आणि भटारखान्यात राबणारे दोन-तीन आचारी, यांचा मेळ कसा बसतो, हे प्रथम सांगितले पाहिजे. दुपारी, गिऱ्हाइके येऊ लागण्यापूर्वी, एका प्रचंड पातेल्यात सोललेल्या कांद्यांची रास, आले, लसूण, थोडे टोमॅटो, हळद, धने-जिऱ्याची पूड, भरपूर तेल आणि पाणी घालून ते सारे गळून जाईपर्यंत शिजवतात आणि मग यंत्राने घुसळून त्याचा गुळगुळीत, पिवळसर रस करून ठेवतात. धंद्यात त्याला बेस ग्रेव्ही म्हणतात. कोंबडीचे आणि मटणाचे तुकडे निराळे शिजवून ठेवलेले असतात. संध्याकाळी ऑर्डर आली की तव्यात तेल, त्यात एक चमचा मसाला, त्यावर दोन पळ्या हा रस आणि मांसाचे शिजलेले तुकडे टाकले की काम झाले; त्यात साय आणि खोबऱ्याची पूड पडली तर तो कोर्मा, तिखट वाढवले तर मद्रास, त्याहूनही वाढवून बटाट्याच्या दोन फोडी टाकल्या तर विंदालू, आणि शिजवलेली डाळ, साखर, लिंबू व क्वचित डब्यातील अननसाचा काप टाकला तर धनसाक. पाच-सात मिनिटांत पदार्थ मेजावर जातो.

या युक्तीला मी सरसकट दोष देत नाही. आपल्याकडील हॉटेलांतही वाटणे आणि रस्से आधी करून ठेवलेले असतात, आणि मन लावून काम करणारा आचारी तयार रसातूनही चवदार पदार्थ उतरवू शकतो. परंतु ज्या पदार्थांची नावे येथे वापरली जातात, त्यांच्यामागे कोणा ना कोणाचे घर उभे आहे, हे विसरता येत नाही. पारशी कुटुंबातील धनसाक म्हणजे दोन-तीन प्रकारच्या डाळी, लाल भोपळा, वांगे, मेथी आणि मटण एकत्र शिजवून, घोटून केलेला आणि परतलेल्या साखरेने तांबूस झालेल्या भातावर वाढलेला रविवार दुपारचा जड पदार्थ होय. घरात मृत्यू झाला असता चौथ्या दिवशी शोकातील मांसवर्जन संपवताना तो करण्याची रीत असल्यामुळे शुभकार्याच्या दिवशी कोणी पारशी गृहिणी तो चुलीवर चढवत नाही. गोमंतकातील ख्रिस्ती घरांतील विंदालूला माडाच्या सुरेचे व्हिनेगर लागते, त्यात लाल मिरची, लसूण, जिरे, मिरी वाटावी लागतात, आणि डुकराचे मांस त्या वाटणात रात्रभर मुरावे लागते. केल्या दिवसापेक्षा दुसऱ्या दिवशी ते अधिक चांगले लागते, असे तेथील जाणती माणसे सांगतात. आंबटपणा हा त्याचा प्राण आहे. तिखटपणा त्याच्या मागोमाग येतो.

गेल्या हिवाळ्यात लंडनच्या एका उपनगरातील अशाच एका भोजनगृहात, ज्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, माझी थोरली बहीण आणि मडगावचे एक वयोवृद्ध ख्रिस्ती स्नेही यांच्यासह जेवावयास जाण्याचा प्रसंग आला. आम्ही बसतो न बसतो तोच, न मागता, पापडांची चळत आणि चटण्यांच्या वाट्या मेजावर आल्या. ताई जन्माची शाकाहारी, तिने हिंदीत विचारले, "भाऊ, डाळीत मांसाचे पाणी किंवा रस्सा घालत नाही ना?" आत जाऊन आचाऱ्याला विचारून येणे हे त्या तरुणाला अशक्य नव्हते. त्याने मान हलवली, "सगळे ठीक आहे" एवढे म्हटले आणि पाठ फिरवली. तिचे समाधान झाले नाही, हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होते, पण तो वळून पाहावयास तेथे नव्हता.

पाऊण तासाने जेवण आले. डाळ कडेला उकळून वाटीला चिकटून वाळली होती आणि मधोमध चमचा घातला तर गार होती. शीतकपाटातील वाटी तशीच मायक्रोवेव्ह भट्टीत ठेवून घाईने बाहेर काढली, की असे होते. भातात लाल, पिवळे, हिरवे असे रंगवलेले दाणे मिसळले होते, पण त्याला ना तांदळाचा वास होता ना तुपाचा. आमच्या मडगावच्या स्नेह्यांपुढे विंदालू आले. त्यांनी प्रथम वास घेतला, मग चमचाभर रस जिभेवर घोळवला, आणि चमचा ताटलीच्या काठावर ठेवून अत्यंत सौम्यपणे विचारले, "यात व्हिनेगर नाही का हो?" त्यावर वाढप्याने उत्तर दिले, "तिखट जास्त झाले का? दही आणू?" त्या सद्गृहस्थांनी पुन्हा काही विचारले नाही आणि पुन्हा चमचाही उचलला नाही.

आम्ही व्यवस्थापकास बोलावले. त्यांनी ताटाकडे दृष्टिक्षेपही न करता सांगितले, की बाकी कोणाची तक्रार नाही. बिलात प्रत्येक माणशी पापडांचे पैसे लावलेले होते आणि खाली साडेबारा टक्के सर्व्हिस चार्ज जोडलेला होता. तो ऐच्छिक असल्याचे तेथेच बारीक अक्षरांत छापले होते, म्हणून तो कमी करावा अशी विनंती केली, तेव्हा शेजारच्या मेजांना ऐकू जाईल अशा आवाजात "का?" असा प्रश्न आला. ज्या प्रश्नाचे उत्तर ऐकण्याची इच्छा दहा मिनिटांपूर्वी कोणालाही नव्हती, तो प्रश्न पैशाची बाब निघताच किती तत्परतेने विचारला गेला!

हे असे का व्हावे, याची कैफियत इतिहासात शोधली पाहिजे, आणि ती शोधताना या धंद्यात हयात घालवलेल्या माणसांविषयी आदर सोडता कामा नये. पाटण्याच्या शेख दीन महंमदाने १८१० साली लंडनमध्ये पोर्टमन चौकाजवळ हिंदुस्तानी कॉफी हाऊस उघडले, हुक्क्याची वेगळी सोय केली, आणि दोनच वर्षांत त्याचे दिवाळे वाजले. १९२६ मध्ये रीजंट स्ट्रीटवर वीरास्वामी हे भोजनगृह सुरू झाले. ते धनिकांचे होते. आज सर्वसामान्य इंग्रज ज्याला इंडियन म्हणून ओळखतो त्या भोजनगृहाची घडण निराळ्याच माणसांनी केली. ब्रिटिश आगबोटींच्या पोटात कोळसा लोटणारे सिल्हेटचे खलाशी लंडनच्या गोदीत उतरले, दुसऱ्यांच्या भटारखान्यात भांडी घासत राहिले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी बॉम्बहल्ल्यांत मोडकळीस आलेली लहान उपाहारगृहे विकत घेतली. तळलेल्या माशांबरोबर ते करी विकू लागले, आणि दारूचे गुत्ते बंद झाल्यावरही दुकान उघडे ठेवू लागले. रात्री उशिरा झोकांड्या देत येणाऱ्या, शिव्या देणाऱ्या, आणि अधिकाधिक तिखटाची पैज लावणाऱ्या गिऱ्हाइकासाठी तो रस, ती घाई आणि ते विंदालू घडत गेले. या भोजनगृहांपैकी बहुसंख्य आजही मूळच्या बांगलादेशी, विशेषतः सिल्हेटी कुटुंबांच्या मालकीची आहेत. अपमान गिळून ज्यांनी मुलाबाळांना शिकवले, त्यांच्या कष्टांची किंमत त्या देशाने पुरेशी केली आहे असे मला वाटत नाही.

परंतु त्या काळातील गिऱ्हाईक आणि आजचे गिऱ्हाईक एक नाही. २००१ साली परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी चिकन टिक्का मसाला हा ब्रिटनचा राष्ट्रीय पदार्थ असल्याचे भाषणात सांगितले, इतके हे अन्न त्या समाजात मुरले आहे. समोर बसलेल्याला चव कळत नाही, किंवा कळली तरी तो बोलणार नाही, हे जे गृहीतक जुन्या दिवसांत जिवावर बेतलेल्या माणसांनी नाइलाजाने धरले, ते आता सवयीने चालू राहिले आहे. आणि माझ्या मते ताटातील बेचवपणा व वाढप्याची बेपर्वाई ही दोन्ही या एकाच गृहीतकाची अपत्ये आहेत. ज्याला चव कळत नाही त्याच्यासाठी व्हिनेगरवर खर्च कशाला करावा, आणि त्याच्या प्रश्नासाठी आत जाऊन यावे तरी कशाला?

या बेपर्वाईचे टोक कोठवर जाते याची साक्ष न्यायालयाच्या दप्तरात आहे. यॉर्कशायर परगण्यातील एका भारतीय भोजनगृहातून २०१४ च्या जानेवारीत एका गृहस्थाने चिकन टिक्का मसाला घरी नेला. त्याला शेंगदाण्याचे जीवघेणे वावडे होते, आणि त्याने तसे स्पष्ट बजावले होते. मालकाने बदामाच्या पुडीऐवजी शेंगदाणा मिसळलेली स्वस्त पूड आणण्यास सुरुवात केली होती. तो गृहस्थ त्या जेवणाने मृत्यू पावला, आणि २०१६ मध्ये मालकास सदोष मनुष्यवधाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली. ताईच्या प्रश्नाला मिळालेली ती मानेची हालचाल मला आठवते तेव्हा हा खटलाही आठवल्यावाचून राहत नाही. पदार्थात काय आहे हे विचारणारा माणूस नसती चौकशी करीत नसतो. त्याच्या प्रश्नामागे कधी धर्म असतो, कधी प्रकृती, कधी प्राण.

उलट अनुभवही येतो, आणि तो सांगितला नाही तर अन्याय होईल. मुंबईच्या दोन मित्रांनी २०१० साली लंडनच्या हाऊन्स्लो भागात श्रीकृष्ण वडापाव या नावाने दुकान काढले. ज्या पदार्थाची चव त्यांना लहानपणापासून ठाऊक होती तोच त्यांनी विकावयास घेतला आणि तो चालला. यादी आखूड असेल, पदार्थ आपल्या घरातला असेल, तर विचारणाऱ्याला उत्तर देणे सोपे जाते, कारण देणाऱ्याला ते माहीत असते. सिल्हेटी आचाऱ्याला त्याच्या घरची सातकोरा लिंबू घातलेली मटणाची भाजी करू दिली, तर विंदालूची खोटी नावे त्याला कशाला लागतील? ती भाजी मी एका कुटुंबात जेवलो आहे, आणि तिच्यापुढे त्या लांब यादीतील एकही पदार्थ उभा राहणार नाही.

आपल्या माणसांचा एक स्वभाव मात्र मला खटकतो. मेजावर आपण गप्प राहतो, "जाऊ द्या, एवढ्यासाठी कशाला" म्हणतो, सर्व पैसे भरतो, आणि मग घरी परतताना बसमध्ये वाढप्याच्या नावाने खडे फोडतो. तो वाढपी बहुधा दुपारपासून उभा असतो, भटारखान्याचे दार त्याच्यासाठीही फारसे उघडत नसते, आणि सर्व्हिस चार्जाच्या नावाने घेतलेला पैसा कित्येक ठिकाणी त्याच्या हाती पूर्वी पडतच नसे. ब्रिटनच्या पार्लमेंटने २०२३ साली त्यासाठी कायदा केला, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून ही रक्कम पूर्णपणे कामगारांत न्याय्य रीतीने वाटणे मालकावर बंधनकारक झाले. तेव्हा गार डाळीची दाद मागावयाची ती मालकापाशी, पहिल्या घासानंतर लगेच, ताट पुढे करून आणि शांत शब्दांत. आणि ज्या मुलाने बिचाऱ्याने खरोखर आत जाऊन आपल्यासाठी विचारून आणले असेल, त्याच्या नावाची रक्कम त्याला मिळते ना, हेही त्याच मालकाला जाताना विचारून घ्यावे.