मोजलेला आकडा, वाचलेले इंधन

आज पदवी घेणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपालाच्या पिशव्या घेऊन सिंधमधल्या कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. अहमदाबादेत त्यांच्या छोट्या विमानासाठी पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. फाळणीनंतर त्याच सिंधमधून तुमच्यापैकी अनेकांचे पणजोबा-पणजी कल्याणच्या लष्करी छावणीत आले. १९४९ मध्ये त्या छावणीचे उल्हासनगर झाले. हाताशी असेल तेवढ्यात, काहीही वाया न घालवता त्यांनी संसार उभे केले. ती शिस्त आज विमान व्यवसायाला हवी आहे.

भारतीय विमान कंपन्यांच्या खर्चात इंधनाचा वाटा ४० टक्क्यांच्या आसपास जातो. एक किलो इंधन जळले की ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत मिसळतो. त्यावर उपाय निघत आहेत. २०१६ मध्ये आपल्याकडे आलेले ए३२० निओ हे विमान जुन्या ए३२० पेक्षा सुमारे १५ टक्के कमी इंधन घेते. १९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीला गेलेल्या प्रवासी विमानात पुण्याच्याच प्राज इंडस्ट्रीजचे स्वदेशी जैवइंधन थोड्या प्रमाणात मिसळले होते.

नवे विमान विकत घेता येते, रोजची बचत मात्र माणसांनाच करावी लागते. जादा भरलेले इंधन हे स्वतःच ओझे असते. एक टन जादा घेतले, तर त्यातले साधारण तीस-चाळीस किलो दर तासाला निव्वळ ते वाहून नेण्यातच जळते. मग कॅप्टन जादा का मागतो? कधी मालाचे वजन अंदाजाने लिहिलेले असते, कधी हवामानाचा निरोप मोघम असतो, कधी मुंबईवर किती घिरट्या घालाव्या लागतील याचा भरवसा नसतो. पर्यायी विमानतळापर्यंतचे इंधन आणि त्यावरचे ३० मिनिटांचे राखीव, याला कुणीही हात लावू नये. ते प्रवाशांच्या जिवाचे आहे. कमी करायचे ते फक्त शंकेपोटी भरलेले इंधन, आणि शंका कमी होते ती खऱ्या आकड्याने.

इथल्या जीन्सच्या कारखान्यातला कटिंग मास्तर मार्कर, म्हणजे कापायच्या तुकड्यांचा आराखडा, असा मांडतो की वीतभर कापड फुकट जात नाही. पण मापच चुकीचे लिहून आले, तर त्याचे कसब काय कामाचे? लोडशीट, म्हणजे विमानातल्या वजनाची नोंद, भरणारा, इंजिन धुणारा, हवामान कळवणारा, या सगळ्यांच्या कामावर आणि आकड्यांवर कॅप्टनचा निर्णय उभा असतो.

नवी मुंबईचा विमानतळ आता सुरू झाला आहे. तुमच्यातले काही तिथे जातील, बाकीचे बँकेत, कारखान्यात, दवाखान्यात. कुठेही गेलात तरी मोजल्याशिवाय आकडा लिहू नका, पाहिल्याशिवाय सही करू नका; वरून कितीही घाई झाली तरी नाही. तुमची सही पाहून पुढच्या माणसाने निर्धास्तपणे आपले काम सुरू करावे, एवढी पत कमवा.