जोर कुठे द्यावा?

शिळफाट्याजवळच्या एका कारखान्याच्या कचेरीत मी काही दिवस टेलिफोनवर मागण्या कळवायचं काम करीत होतो. एकदा रंगाची तेरा पिंपं हवी होती. मी ऐटीत इंग्रजीतून सांगितलं, 'थर्टीन ड्रम्स'. दुसऱ्या दिवशी ट्रकमधून उतरली तीस पिंपं! शेडमध्ये जागा नाही, आणि परतीचं भाडं माझ्या पगारातून कापतील ही धास्ती. व्याकरण तर अगदी शुद्ध होतं. मग चुकलं कुठे?

'थर्टी' म्हणताना इंग्रज माणूस 'थर्'वर जोर देतो. नुसतं 'थर्टीन' म्हणताना तो जोर 'टीन'वर जातो. ऐकणारा ही खूण धरून बसलेला असतो. पण गंमत अशी, की पुढे लगेच नाम आलं तर 'थर्टीन'मधला जोर मागे सरकून 'थर्'वरच येतो. म्हणजे माझा गुन्हा निम्माच! शेवटचा 'न' मात्र मी खाल्ला होता, तो पुरता माझा. तेव्हापासून मी वस्तू आधी आणि आकडा शेवटी सांगतो: 'ड्रम्स, थर्टीन'. आकडा शेवटी आला, की 'टीन'वर जोर आपोआप पडतो.

आपल्याला हे जड का जातं? आपला कान ह्रस्व-दीर्घावर वाढलेला आहे. 'दिन' आणि 'दीन' यांतला फरक पोराटोरालाही कळतो. पण शब्दाच्या कुठल्या भागावर जोर दिला, यावरून मराठी शब्दाचा अर्थ बदलत नाही. इंग्रजीत बदलतो. 'रेकॉर्ड' म्हणजे नोंद, तेव्हा जोर आरंभी. नोंद करणे या अर्थी तो शेवटी, आणि आरंभीचा 'रे' आखडून 'रि' होतो. 'फोटोग्राफ'मध्ये जोर 'फो'वर. 'फोटोग्राफर' म्हटलं की तो दुसऱ्या अवयवावर सरकतो, आणि मघाचा डौलदार 'फो' बिचारा 'फ' होऊन जातो, जवळजवळ 'फटॉग्रफ'. 'फोटोग्राफिक'मध्ये तोच जोर 'ग्रा'वर. ज्या अवयवावरचा जोर गेला, त्याचा स्वर बहुधा मिटतो. आपण सगळे अवयव सारख्या मापाने मोजून देतो, म्हणून ऐकणाऱ्याला शब्द सापडत नाही.

मराठीत बोलताना मात्र खुशाल 'हॉटेल' म्हणा. तो शब्द आता आपलाच आहे.

आणि इंग्रजांनी तरी आपल्या नावांचं काय केलं? १८५६ साली रेल्वे खोपोलीपर्यंत आली, तेव्हा त्यांच्या कागदांत या गावाचं स्पेलिंग 'कँपूली' असं वाचावं लागेल असं होतं. 'पू' चांगला लांबवलेला! आमच्या खोपोलीकरांपैकी कुणी तो उच्चार ऐकून वळून पाहिलं असतं, असं वाटत नाही.

शब्दाचं झालं, वाक्यात तर आणखी मजा. मराठीत आपल्यापाशी 'च' आहे. 'मीच गेलो', 'मी गेलोच', 'मी कालच गेलो': 'च' जिथे चिकटेल तिथे वजन. इंग्रजीत हे काम पुष्कळदा नुसता आवाज करतो. 'आय डिडंट टेक युअर बुक' हे वाक्य घ्या. 'आय'वर जोर दिला, तर मी नाही, दुसऱ्या कुणी घेतलं. 'युअर'वर दिला, तर घेतलं खरं, पण तुमचं नव्हे. वाक्य लिहून काढलं तर अक्षर न् अक्षर तेच. 'ऑफ', 'टु', 'अँड' असले शब्द तर एरवी भरभर पुटपुटून टाकायचे असतात. आपण त्यांनाही मानाचं पान वाढतो.

हा जोर बघायचा कुठे? शब्दकोशात. डॅनियल जोन्स यांच्या १९१७ सालच्या उच्चारकोशात, आणि पुढच्या बहुतेक कोशांत, एक बारीक उभी रेघ असते. ज्या अवयवावर जोर, त्याच्या आधी ती येते. काही जुन्या कोशांत मात्र खूण त्या अवयवानंतर असे, म्हणून वडिलांच्या वेळचा कोश घरात असेल, तर त्याच्या आरंभीची सूचना वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग रोज पाच शब्द घ्या आणि जोराच्या जागी टेबलावर बोटाने ठोका देत मोठ्याने म्हणा. घरचे हसतील, माझ्या घरचे हसत होते.

त्या तीस पिंपांपैकी सतरा महिनाभर शेडबाहेर ताडपत्रीखाली होती. मी रोज त्यांच्यावरून जात असे.