गेलेलं माणूस घरी येतं तेव्हा



आजचा विषय फलकावर लागल्यापासून मला दोनच प्रश्न विचारले गेले. सांगलीकडच्या मंडळींनी विचारलं, "भुताच्या गोष्टी सांगणार काय?" आणि साताऱ्याच्या मंडळींनी, "अंधश्रद्धेवर झोडपणार ना?" दोघांचीही निराशा होणार आहे. मी बोलणार आहे ते भुताविषयी नाही. ज्याचं माणूस गेलंय आणि जो मागे राहिलाय, त्याच्याविषयी बोलणार आहे.

नवरा जाऊन दोन महिने झालेले असतात. पहाटे पडवीतून त्याच्या खोकल्याचा आवाज येतो. सासूबाईंच्या बंद खोलीत अमृतांजनचा वास दरवळतो. संध्याकाळी ठरल्या वेळी फाटकाची कडी वाजते, बाई चहाचं आधण ठेवायला उठते आणि मग तिच्या ध्यानात येतं. काहींना तर माणूस कॉटवर बसलेला दिसतो, पुरता, धोतर-टोपीसकट. विशेष म्हणजे यातली बहुतेक माणसं घाबरत नाहीत. बरं वाटलं, असंच सांगतात. म्हणजे, सांगितलं तर सांगतात. सुनेच्या कानावर घातलं तर ती म्हणणार, "बाहेरचं काहीतरी दिसतंय, दाखवून आणू." मुलाला सांगितलं तर तो गोळी सुरू करणार. त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.

हे गप्प बसणं काही आपल्याच मुलखातलं नाही. वेल्समधल्या ग्रामीण भागात ड्युई रीस नावाचे एक डॉक्टर होते. त्यांनी आपल्या भागातल्या 293 विधवा-विधुरांना भेटून हाच प्रश्न विचारला आणि 1971 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्याचे निष्कर्ष छापले. जवळजवळ निम्म्या लोकांना जोडीदार गेल्यानंतर कधी ना कधी असा अनुभव आला होता. सर्वांत जास्त जणांना नुसतं 'जवळ आहे' असं वाटलेलं होतं. दिसणं, ऐकू येणं त्याहून कमी, आणि स्पर्श फारच थोड्यांना. संसार जितका दीर्घ आणि सुखाचा, तितका अनुभवाचा संभव अधिक. आणि असा अनुभव आलेल्यांपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश माणसांनी तो तोवर कुणालाच सांगितला नव्हता! निम्मं गाव एकच गोष्ट मनात घेऊन फिरतंय आणि प्रत्येकाला वाटतंय, वेड लागलंय ते फक्त मला.

मग खरोखर कोणी येतं का? माझं मत विचाराल तर नाही. पण म्हातारी खोटं बोलत नाही, हेही तितकंच ठाम. चाळीस वर्षं रोज सहा वाजता वाजणाऱ्या कडीची कानाला नुसती सवय नसते, ती वाजणार अशी तयारी मेंदू आधीच करून बसलेला असतो. वाऱ्यानं पत्रा हलला तरी ती तयारी पुरेशी होते. माणूस गेल्याची बातमी मेंदूच्या प्रत्येक कोपऱ्यात एका दिवसात पोचत नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या 1994 सालच्या निदान-पुस्तिकेतही हे नमूद आहे, की शोकात असलेल्याला मृताचा आवाज ऐकू येणं किंवा तो क्षणभर दिसणं एवढ्यावरून त्याला आजारी ठरवू नये.

आपल्या पूर्वजांना ही पुस्तिका लागली नाही. सावडायच्या दिवशी स्मशानात काय चालतं ते आठवा. नैवेद्य ठेवलेला असतो, कावळा झाडावर बसून बघत असतो आणि खाली येत नाही. मग एकेक जण पुढे होतो. "धाकटीचं लग्न करतो, काळजी करू नको." "वाटणीवरून भांडणार न्हाई आम्ही." चारचौघांत, मोठ्यानं, मेलेल्या माणसाशी बोलायची मुभा एरवी कोण देतं? शेवटी कावळा का शिवला याचं उत्तर पक्षिशास्त्रात असेल; पण भावाभावांत जे बोलणं वीस वर्षांत झालं नव्हतं, ते त्या पंधरा मिनिटांत झालेलं असतं. भाद्रपदात म्हाळ असतोच. कितीतरी घरांच्या देव्हाऱ्यात वाडवडिलांचे चांदीचे टाक देवांच्या मांडीला मांडी लावून बसलेले असतात. गेलेल्याला घरात जागा द्यायची, पण जागा ठरवून द्यायची, अशी ही व्यवस्था आहे. ती मला शहाणपणाची वाटते, कर्मकांडाचा मला कंटाळा असूनही.

ही व्यवस्था कोलमडते ती देहच हाती लागत नाही तेव्हा. सातारा तालुक्यातलं अपशिंगे (मिलिटरी) तुम्हाला ठाऊक आहे. त्या एका गावचे 46 जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. स्मृतिस्तंभ आजही उभा आहे. परमुलखात पडलेल्यांचे देह तेव्हा गावी येत नव्हते. सावडायचं काय आणि कुठे? त्याच युद्धात इंग्लंडमधले नामांकित भौतिकशास्त्रज्ञ सर ऑलिव्हर लॉज यांचा मुलगा रेमंड 1915 साली मारला गेला. मृतांशी बोलता येतं म्हणणाऱ्या 'माध्यमां'च्या बैठकींतून त्याच्याशी झालेल्या तथाकथित संभाषणांवर लॉज यांनी 1916 मध्ये जाडजूड पुस्तक काढलं. बिनतारी संदेशावर काम केलेला माणूस! बुद्धी कमी पडली असं मी म्हणणार नाही. निरोप घ्यायचा राहिला होता.

आपल्या पिढीनंही हे पाहिलंय. 2019 च्या महापुरात सांगलीकडच्या ब्रह्मनाळला बोट उलटली. 2021 च्या जुलैत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे या गावांवर डोंगर खचला. आणि कोविडच्या त्या दोन वर्षांत पिशवीत बांधलेलं माणूस लांबूनच दाखवलं गेलं, काहींना तेही नाही. तोंड बघायला मिळालं नाही, हे वाक्य मी सांगली-सातारा या दोन्ही जिल्ह्यांत इतक्यांदा ऐकलंय की आता कुणी सुरुवात केली तरी शेवट कळतो.

अशा दारावर देवऋषी बरोबर येऊन उभा राहतो. "त्याचा आत्मा अडकलाय, इच्छा राहिलीय," म्हणतो, आणि जो अनुभव आधार होता त्याची बाधा करून टाकतो. उतारा, कोंबडं, पाच गुरुवार, शेवटी सोन्याची बोरमाळ. अंधश्रद्धा निर्मूलनासाठी लढलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. वैद्यकीचं शिक्षण मिरजेत झालेलं. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते झगडले, त्याचा वटहुकूम त्यांच्या खुनानंतर काही दिवसांतच, ऑगस्ट 2013 मध्ये निघाला. डिसेंबरात कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणं, मारहाण करणं हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. पण पहाटेचा खोकला ऐकणाऱ्या बाईला हा कायदा बोटही लावत नाही. श्राद्धालाही नाही. कायदा न वाचता भांडणाऱ्यांनी, दोन्ही बाजूंच्या, एवढं तरी वाचावं.

डॉक्टर लागतो कधी? गेलेला माणूस "तूही ये" म्हणायला लागला, झोप-जेवण तुटलं, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले, किंवा महिनोन् महिने माणूस त्याच दिवशी अडकून राहिला, तर थांबू नका. टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक फुकट आहे, मराठीत बोलतात.

बाकीच्यांना डॉक्टर नको, कान हवा. यंदाच्या म्हाळाला पंगत उठली की घरातल्या आजीजवळ बसा आणि सरळ विचारा, "आबा दिसतात का गं तुला कधी?" ती आधी विषय टाळेल. तुम्ही उठू नका. आणि ती बोलायला लागली की खरं-खोटं करायला जाऊ नका. तो वाद माझ्याशी घाला, मी आहे इथेच.