डॉक्टरसाहेब, अजून एक सुई घ्यायची का?



मागच्या महिन्यातली गोष्ट. जामनेर रोडवरच्या माझ्या दवाखान्याचं शटर नुकतंच वर गेलं होतं. कंपाउंडर केर काढत होता आणि नाना बाकावर येऊन बसलेसुद्धा होते. नाना म्हणजे रेल्वेतले निवृत्त गार्ड. २०२२ पासून गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण नानांना ते काही पटलेलं नाही. वय ७४, वीस वर्षांची शुगर, बीपीची गोळी रोजची. त्यांनी खिशातून एक कागद काढून टेबलावर ठेवला. कोविड लसीचं प्रमाणपत्र. लॅमिनेशन करून घेतलेलं, पंतप्रधानांचा फोटो अजून टवटवीत.

"डॉक्टरसाहेब, आजून एक सुई घ्यायची का आपून?"

झालं होतं असं, की नानांची मुलगी इंग्लंडात लेस्टरला असते. तिच्या सासूबाई ७८ वर्षांच्या. त्यांना तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचं बोलावणं आलं आणि त्या जाऊन कोविडची लस घेऊन आल्या. त्याच रात्री मुलीचा फोन, "बाबा, तुम्ही या सीझनचा डोस घेतला का?" नानांना प्रश्नच कळेना. ते म्हणाले, "बाई, सीझन आंब्याचा असतो, लग्नाचा असतो. कोरोनाचा कुठून आला?"

नानांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. फ्लूची साथ जशी आपल्याकडे पावसाळ्यात आणि पुन्हा थंडीत डोकं वर काढते, तसं कोविडचं वेळापत्रक अजून नीट बसलेलं नाही. डिसेंबर २०२३ आणि जानेवारी २०२४ मध्ये जेएन-१ या प्रकाराने थंडीत रुग्ण वाढले. नंतर २०२५ मध्ये वाढले ते मे-जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर. थंड देशांत हिवाळ्याआधी एक डोस देण्याची पद्धत पडली, म्हणून तो 'सीझनचा डोस'. आणि तिथेही तो आता सरसकट सगळ्यांना नाही. ब्रिटनने २०२५ च्या शरद ऋतूत तो ७५ वर्षांवरच्यांना, वृद्धाश्रमातल्या वृद्धांना आणि प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्यांनाच दिला. त्याच्या आदल्या वर्षी वयाची ही मर्यादा ६५ होती.

दरवर्षी कशाला, हा नानांचा पुढचा प्रश्न. तो मी त्यांना रेल्वेच्या भाषेत सांगितला. म्हटलं, नाना, तुमच्याकडे पाच वर्षांपूर्वीचं टाइमटेबल आहे. गाड्यांच्या वेळा बदलल्या, काही गाड्या बंद झाल्या, काही नव्या आल्या. त्या टाइमटेबलच्या भरवशावर गाठायला गेलात तर गाडी चुकेल. पण भुसावळहून एक लाइन मनमाडकडे, एक नागपूरकडे, एक खंडव्याकडे जाते, हे त्यातून अजूनही कळतं. आपल्या शरीराचं तसंच आहे. २०२१ मध्ये घेतलेली लस मूळ विषाणूवर बेतलेली होती. त्यानंतर ओमायक्रॉन आला, त्याची पिल्लं आली, पिल्लांची पिल्लं आली. संसर्ग अडवण्याची ताकद डोसनंतर काही महिन्यांतच उतरते. फुप्फुसापर्यंत जाऊन माणूस ऑक्सिजनवर जाण्यापासूनचं संरक्षण मात्र जास्त टिकतं. तरण्या माणसात ते पुष्कळ टिकतं. म्हाताऱ्या, आजारी शरीरात ते लवकर विरतं, आणि प्रश्न आहे तो तिथेच.

नानांच्या प्रमाणपत्रावर दोनच तारखा होत्या, दुसरी ऑगस्ट २०२१ ची. तिसरा डोस त्यांनी घेतलाच नाही. जानेवारी २०२२ च्या लाटेत तीन दिवस ताप आला होता, तेव्हा 'होऊन गेला, आता कशाला' असा विचार झाला. आशाताई दोनदा घरी येऊन सांगून गेल्या. नाना एकटे नव्हेत. देशात जवळपास ९५ कोटी लोकांनी दुसरा डोस घेतला, तिसरा घेणारे २३ कोटींच्या आसपास. त्याला आपण 'प्रिकॉशन डोस' म्हणत होतो. १० जानेवारी २०२२ ला तो आरोग्य कर्मचारी, इतर आघाडीचे कर्मचारी आणि साठीच्या पुढचे आजारी लोक यांच्यासाठी सुरू झाला. एप्रिलमध्ये अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना, पण खासगी रुग्णालयात आणि पैसे देऊन. मग १५ जुलैपासून ७५ दिवस तो सर्वांना फुकट होता. त्या ७५ दिवसांत केंद्रांवर रांगा काही लागल्या नाहीत. २०२१ च्या मे महिन्यात ज्या लसीसाठी लोक पहाटे चारला चपला ठेवून नंबर लावत होते, तीच ही लस.

इथे मला माझी स्वतःची एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती सांगायला मला बरं वाटत नाही. त्याच ऑगस्ट २०२२ मध्ये माझे एक जुने पेशंट, आपण त्यांना अण्णा म्हणू, माझ्याकडे आले होते. दम्याचे रुग्ण, वय ७१. त्यांनी विचारलं, "तिसरा घेऊ का?" माझ्यासमोर वीस माणसं बसली होती. मी मान वर न करता म्हणालो, "घेतला तरी चालेल, नाही घेतला तरी चालेल." त्यांनी नाही घेतला. जानेवारी २०२४ मध्ये त्यांना खोकला झाला, चार दिवस अंगावर काढला, पाचव्या दिवशी ऑक्सिजन ८६ वर आला. तपासणीत कोविड निघाला. सहा दिवस दाखल होते. घरी आले, पण आता गच्चीवर चढत नाहीत. दीड वर्ष आधी डोस घेतला असता तर हे टळलं असतं, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. इतक्या काळात त्याचा जोर पुष्कळ कमी झाला असता. पण अण्णांनी मला सल्ला विचारला होता आणि मी तो दिला नव्हता. 'तुमची मर्जी' हे डॉक्टरचं उत्तर नव्हे.

म्हणून नानांना मी बसवून घेतलं.

पहिली अडचण अशी, की लेस्टरच्या सासूबाईंना मिळाली तशी ताज्या प्रकारावर बेतलेली लस भुसावळात कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. आपल्याकडे दरवर्षी कोविडची लस देण्याचा सरकारी कार्यक्रम नाही. कोविशील्डचं उत्पादन सिरम इन्स्टिट्यूटने डिसेंबर २०२१ मध्येच थांबवलं. भारत बायोटेकची नाकात थेंब टाकायची लस जानेवारी २०२३ मध्ये आली. पुण्याच्या जिनोव्हा कंपनीने ओमायक्रॉनवर बेतलेली एमआरएनए लस काढली, तिला जून २०२३ मध्ये परवानगी मिळाली. पण परवानगी मिळणं आणि तालुक्याच्या गावी फ्रीजमध्ये बाटली असणं यात फार अंतर आहे. कोविशील्डच्या एका बाटलीत दहा डोस असत आणि बाटली उघडली की चार तासांत संपवावी लागे. मागणी घटली तेव्हा एका नानांसाठी बाटली कोण फोडणार? उरलेले नऊ डोस वाया. मागणी नाही म्हणून माल नाही, आणि माल नाही म्हणून कुणी विचारत नाही, असं ते चक्र झालं.

म्हणून कुणाच्या ओळखीने कुठून लस मिळतेय असं कळलं तर मी दोन गोष्टी आधी विचारायला सांगतो: मुदत कधीपर्यंतची आहे, आणि ती कुठल्या प्रकारावर बेतलेली आहे. तिसरीही एक आहे, आपल्या भागापुरती. ती आणणार कशी? या लसींना बहुधा २ ते ८ अंश तापमान लागतं आणि आपला मे महिना ४५ ला टेकतो. पिशवीत बर्फाचा पुडा घालून दुपारच्या गाडीने आणलेल्या लसीवर माझा भरवसा नाही.

दुसरी अडचण भीतीची. नाना हळूच म्हणाले, "पन ते हार्टअटॅकचं काय? पोरं नाचता नाचता पडू राह्यली." हा प्रश्न मला दिवसातून एकदा तरी येतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने १९ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतल्या ४७ रुग्णालयांत १८ ते ४५ वयाच्या लोकांच्या अचानक मृत्यूंचा अभ्यास केला. लसीमुळे हा धोका वाढल्याचं त्यात आढळलं नाही. आधी कोविड होऊन दाखल व्हावं लागलेलं असणं, घराण्यात अचानक मृत्यू झालेला असणं, अतिमद्यपान, एकाएकी केलेले अतिश्रम, यांचा संबंध मात्र दिसला. कोविशील्डने क्वचित रक्ताच्या गुठळ्या होतात हेही खरं आहे, २०२४ मध्ये त्याची कोर्टकचेरी गाजली. पण तो त्रास दिसतो तो बहुतांशी पहिल्या डोसनंतरच्या काही आठवड्यांत. २०२१ मध्ये लस घेतलेल्याने आज त्यासाठी झोप उडवून घेण्याचं कारण नाही. एमआरएनए लसीने तरुण मुलांत क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येते, तेही लपवण्यासारखं नाही. आणि म्हणूनच वयाचा विचार करायचा. नानांचा मुलगा ३८ वर्षांचा, धडधाकट. त्याने आज बूस्टरसाठी धावपळ करावी असं मला वाटत नाही. त्याला त्यातून मिळणारा फायदा फार थोडा आहे.

नानांची गोष्ट वेगळी. वय सत्तरच्या पुढे, शुगर, शेवटचा डोस २०२१ चा. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये आणीबाणी उठवली, पण वृद्ध आणि जोडीला आजार असलेले लोक, गरोदर स्त्रिया, प्रतिकारशक्ती कमी असलेले आणि आरोग्य कर्मचारी यांना पुन्हा डोस द्यावा, असंच तिचंही म्हणणं राहिलं. नव्या प्रकारावरची, मुदतीतली लस पुण्या-मुंबईकडच्या एखाद्या रुग्णालयात मिळत असेल, तर नानांनी ती घ्यावी. असं मी त्यांना सरळ सांगितलं, या वेळी मान वर करून.

आणि ती मिळेपर्यंत? फ्लूची लस इथे मिळते. स्वस्त नाही, आणि दरवर्षी घ्यावी लागते, कारण तिच्यातलेही विषाणू बदलतात. पण नानांसारख्या माणसाला न्यूमोनिया फ्लूनेही होतो, आणि त्या वेळी शरीर कुठल्या विषाणूने झाला हे विचारत बसत नाही. पावसाळ्यापूर्वी ती घेतलेली बरी. न्यूमोनियाची वेगळी लसही असते, तीही त्यांच्या यादीत घातली. आणि एक ताकीद दिली: ताप-खोकला झाला तर दुसऱ्याच दिवशी यायचं. कोविडची काही औषधं लक्षणं सुरू झाल्यापासून पहिल्या पाच दिवसांतच सुरू करावी लागतात. अण्णांचे चार दिवस घरातच गेले होते.

तुम्ही विचाराल, डॉक्टर, तुमचं काय? मी ६३ वर्षांचा, रोज शंभर खोकणाऱ्यांच्या तोंडासमोर बसणारा. प्रिकॉशन डोस मी पहिल्याच आठवड्यात घेतला होता. फ्लूची सुई दर मे महिन्यात घेतो. कोविडची त्यानंतर घेतली नाही. नानांना उपदेश करताना ते माझ्या लक्षात आलं. आरोग्य कर्मचारी म्हणून त्या यादीत मीही आहेच की.

नानांबरोबर काकू आल्या होत्या. इतका वेळ गप्प होत्या. म्हणाल्या, "ह्यांचं झालं. माझं कोन पाहीन?" काकू ६८ च्या, शुगर नाही, बीपी नाही, पण रात्री-अपरात्री नानांच्या उशाशी त्याच असतात. त्यांना म्हटलं, कोविडच्या डोससाठी तुम्ही पुण्याला जायचा खटाटोप करू नका, नानांसाठी जाणं झालंच तर दोघांनी बरोबर घ्या. फ्लूची मात्र आजच. काकूंनी लगेच पदर सारखा करून दंड पुढे केला. नाना अजून प्रमाणपत्र पाकिटात घालत होते.

नाना येत्या सोमवारी शुगरचा रिपोर्ट घेऊन येणार आहेत. त्यांच्या पुण्याच्या भाच्याने दोन रुग्णालयांत लसीची चौकशी केली आहे, तिकडून अजून उत्तर आलेलं नाही. आलं की माझ्याही नावाचा एक डोस सांगायचा आहे.